दोन्ही अंगाला आलेली नागीण

आमच्या सासूनं जाता जाता दोन सुनांना दोन गोष्टी वाटून दिल्या. थोरलीला नागीण उतरवायची विद्या दिली आन् मला पिठाची गिरणी. विद्या मला कामून न्हाई दिली, तर म्हणे दुर्गीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. बराबरच होतं म्हातारीचं. म्हणून तर हे सगळं मी सांगून राह्यले. गिरिजाबाईला विचाराल तर ती पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत बसल, एक शब्द काढायची न्हाई.

गिरिजाबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला नुसतं बाई म्हणते. कुंभार पिंपळगावात आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे. तिकडं फोडणी पडली की इकडं मला ठसका लागतो. लग्नानंतर लई वर्षं तिला मूलबाळ न्हाई. सासूनं कुठं कुठं फिरवलं, काय काय पाजलं, विचारू नका. तिचे मालक, कडूबा भाऊजी, देवमाणूस. बायकोला कधी उणं बोलले न्हाईत. मंग सगळ्यांनी आशा सोडल्यावर आकांक्षा झाली. पोरगी धड चालायला लागली न्हाई तोवर भाऊजी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. तव्हापासून बाईनं त्या पोरीला असं जपलं, की मला राग यायचा. पोरगी बारावीला गेली तरी ही तिच्या डोक्याला तेल लावून द्यायची, भाकरीचा पापुद्रा सोलून हातात द्यायची. मी म्हणायची, "बाई, तिला नांदायला जायचंय, देव्हाऱ्यात बसवायचं न्हाई." बाई हसायची. हसताना सुद्धा पदर तोंडाला.

आता नागिणीचं सांगते. अंगाला एका पट्ट्यात पाण्याच्या बारीक फोडांचा घोस उठतो, आग आग होती, रात्र रात्र डोळा लागत न्हाई, त्याला आमच्याकडं नागीण म्हणतेत. बाई सहाणेवर गेरू उगाळायची, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यात कालवायची आन् फोडांच्या भोवती बोटानं रिंगण काढायची. तोंडानं काहीतरी पुटपुटायची, ते मला आजवर कळलेलं न्हाई. पार भोकरदनकडच्या धावड्याहून लोक यायचे. एक नारळ देवापुढं ठेवायचा, बस. पण नेम कडक. फोड सुकंपर्यंत माणसानं आतल्या खोलीत राहायचं, कोणाची सावली पडू द्यायची न्हाई, आन् सगळ्यात मोठा नेम म्हणजे अंगाला सुई लावू द्यायची न्हाई. सुई टोचली की नागीण चवताळती, कमरेला येढा घालती, आन् तिच्या तोंडाला शेपूट मिळालं की माणूस संपला. हे आमच्या सासूनं तिला सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं.

आन् गुण यायचा, खोटं कशाला बोलू. पुढं जालन्याच्या एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं की नागीण पुष्कळदा आपली आपणच वाळती, म्हाताऱ्याकोताऱ्यांना मात्र लवकर गोळ्या द्याव्या लागतेत. तव्हा आम्हाला हे कुठं ठाऊक? बाईच्या हाताला गुण आहे, एवढंच ठाऊक. गावात तिला मान होता. लग्नात तिला पुढं बसवायचे. नवरा न्हाई, शेत थोडं, बोलायला येत न्हाई, अशा बाईला तो मान म्हणजे केवढा होता ते मला विचारा.

आकांक्षाचं लग्न जुन्या जालन्यात झालं. जावई भागवत, कपड्याच्या ठोक दुकानात कामाला. लग्नाआधी काही वर्षं पुण्याकडं कंपनीत होता. पोरगा चांगला. मी आजही म्हणते, चांगला आहे. त्याची आई नंदाबाई मात्र तोंडानं अशी फटकळ की माझी सख्खी बहीण शोभल. पोरीला दिवस गेले तव्हा बाई चपला न घालताच माझ्या गिरणीत पळत आल्ती. पीठ सांडलं म्हणून मी वरडले, तर म्हणली, "सांडू दे गं दुर्गा, आज सांडू दे."

सातव्यात ओटी भरून आम्ही पोरीला माहेरी आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला पाहिजे? बाईनं घर शेणानं न्हाई, रंगानं सारवलं म्हणा ना. डिंक, खारीक, बाळंतशेपा, सगळं डब्यात भरून तयार. दुकानाला सुट्टी असली की भागवत मोटारसायकलवर हजर. जावई आला की बाई आतली खोली त्यांना सोडून द्यायची आन् आपण ओट्यावर झोपायची. मला म्हणायची, "पोराचा जीव लागत न्हाई गं तिच्याबिगर." लाजायची हीच, जसं काही हिचाच नवरा आलाय.

नववा लागला आन् एक दिवस बाईनं भिंतीवरून मला आवाज दिला. "दुर्गा, अक्कूला नागीण आली. मांडीला. आता घरात कोणी यायचं न्हाई."

"आगं बाई! दिवस भरत आलेत तिचे. दवाखान्यात दाखव की एकदा."

"दाखवलं की सुई टोचतेत ते. मी आहे ना."

ती आहे म्हणल्यावर मी कशाला बोलते? ज्या बाईकडं तालुका येतो, तिच्या लेकीची नागीण तिनंच उतरवायची. दैवशाला म्हणून आमच्या गावच्या आशाताई, त्या चौकशीला आल्या तर बाईनं उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. "झोपलीय पोरगी. बरी आहे." आन् आतून मला पोरीचं कण्हणं ऐकू यायचं. नागिणीला आग होतीच, असं मी समजले.

आत काय चाललं होतं ते मला पुढं आकांक्षानंच सांगितलं. नागीण मांडीला नव्हतीच. लघवीच्या जागेला फोड होते, दोन्ही बाजूंनी. थंडी वाजून ताप आल्ता, जांघेत गाठी आल्त्या, लघवीला जायचं म्हणलं की पोरगी दाराची चौकट धरून रडायची. "आई, मला दवाखान्यात ने," म्हणून पाया पडली आईच्या. बाईनं तिला छातीशी धरलं, स्वतः रडली, पण नेम मोडला न्हाई. गेरू उगाळला आन् लेकीच्या जांघेत, दोन्ही अंगाला, रिंगण काढलं.

फोड वाळायला लागले होते, अजून पुरते वाळले नव्हते, आन् पोरीला कळा सुरू झाल्या. गाडी बोलवायला मी गेल्ते. तेवढ्यात बाईनं काय केलं, तर गरम पाणी घेऊन पोरीच्या अंगावरचा गेरू सगळा धुऊन काढला. दवाखान्यात कोणाला दिसायला नको, कोणी विचारायला नको. तिथं नर्सनं विचारलंच, "ताप आल्ता का? तिथं खाजखुज, फोड, जखम?" बाई म्हणली, "काही न्हाई. बिलकुल न्हाई." कळा जोरात होत्या, डोकं दिसायला लागलं होतं. नर्सनं तरी काय करावं? सांगणाऱ्यानं सांगितलं न्हाई.

मुलगी झाली. काळेभोर जावळ, आन् रडायला अशी खणखणीत की मी म्हणलं, ही माझ्यावर गेली. भागवतनं पेढे वाटले. नंदाबाई जालन्याहून आल्या, नातीच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. पाचवी झाली, सटवाईची पूजा झाली. बारशाला कोणाला बोलवायचं यावर आम्ही दोघी भांडलो सुद्धा. माझ्या आयुष्यात बाई इतकी बोललेली मी त्याच आठवड्यात पाहिली.

बारशाच्या आधीच लेकरू दूध ओढंना झालं. नुसतं झोपून राहायचं. रडलं तरी मांजराच्या पिलाएवढा आवाज. अंग कोमट लागायचं. मी म्हणलं, दृष्ट लागली. बाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकराला न्हाऊ घालायला बसली आन् जावळ बाजूला सारताना तिचा हात थांबला. टाळूजवळ फोडांचा बारका घोस होता. पाण्यानं भरलेला.

मी समोरच उभी होते. बाईनं त्या फोडांकडं पाहिलं, मंग आकांक्षाकडं पाहिलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मी म्हणलं, "बाई, हिला पण नागीण? उगाळू का गेरू?"

"न्हाई," बाई म्हणली. "एवढ्या लेकराला कधी नागीण येत न्हाई. मी कधी पाहिली न्हाई." आन् एकदम किंचाळली, "दुर्गा, गाडी बोलव! जल्दी बोलव!"

गाडीतच लेकराला झटका आला. एक हात एक पाय उडायला लागले. आकांक्षा "चिमे, चिमे" करून हाक मारत राह्यली. नाव कुठं ठेवलं होतं अजून?

जालन्यात लेकरांच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. भागवत आन् नंदाबाई तिथंच आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात चलाख. लेकराला काचेच्या पेटीत ठेवलं, झटक्याचं औषध दिलं, जावळ सारून फोड पाहिले आन् तिथंच, सगळ्यांच्या समोर, मागं वळून विचारलं, "बाळंतपणाच्या आधी आईला ताप होता का? लघवीच्या जागी फोड आल्ते का? नीट आठवून सांगा. यावर औषध ठरणार आहे."

आकांक्षानं मान खाली घातली. नंदाबाई सुनेकडं बघायला लागल्या. मला तव्हा काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी म्हणलं, "मांडीला नागीण आल्ती." आन् बाई म्हणली, "मांडीलाच. दुसरं काही न्हाई."

डॉक्टरीणबाई पेटीकडं वळल्या. नर्स लेकराच्या हातात शीर शोधून राह्यली होती, सापडंना. लेकराला पुन्हा झटका आला. मी बाईच्या शेजारी होते. तिनं माझा दंड धरला होता. ती काय तोलून राह्यली होती ते मला आज कळतं. एका पारड्यात लेकीचं नांदणं, आन् एका पारड्यात ते लेकरू. विहीणबाई समोर उभ्या. जावई समोर उभा. जिनं जन्मात चारचौघांत तोंड उघडलं न्हाई ती बाई.

"होते," बाई म्हणली. आवाज इतका मोठा की नर्सनं मागं पाहिलं. "त्या जागेलाच होते. दोन्ही अंगाला. ताप होता, गाठी होत्या. मी कोणाला सांगू दिलं न्हाई. गेरू लावला आन् दवाखान्यात जायच्या आधी धुतला. माझ्या लेकीची काही चूक न्हाई. औषध द्या, बाई. आधी औषध द्या."

मंग तिथं जी धावपळ झाली! शिरेतून दुसरं औषध सुरू झालं. फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवलं. आकांक्षाला शेजारच्या बायांच्या डॉक्टरकडं नेऊन तिच्या राह्यलेल्या जखमेवरून पण तशीच काडी फिरवली, रक्त घेतलं. पाठीतलं पाणी काढताना लेकरू रडलं सुद्धा न्हाई. खर्चा किती होतोय ते भागवतनं एका शब्दानं विचारलं न्हाई.

बाहेर नंदाबाईंचं तोंड सुटलं. "असल्या जागेला फोड कोणाला येतेत, मला कळत न्हाई व्हय? माझ्या लेकाला तर कधी पुटकुळी सुद्धा न्हाई. मंग हिनं आणलं कुठून? माहेरी बसून काय काय केलं?" आकांक्षा बाळंतीण, उभं राहता येईना, भिंतीला टेकून ऐकत होती. भागवत आईला "गप बस, गप बस" करत होता, पण त्याच्या पण डोळ्यांत शंका होती. मी पाहिली ती. माझ्या जिभेवर काय काय आल्तं, पण दवाखाना होता, गिळलं.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईनं नवरा-बायकोला आत बोलावलं. आकांक्षा म्हणली, "आई आन् काकू पाहिजेत." मंग नंदाबाई पण घुसल्याच. भागवतचं पण रक्त तपासलं होतं, डॉक्टरीणबाईंनीच समजावून द्यायला लावलं होतं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यात जसंच्या तसं बसलंय. ह्या आजाराचं नाव हर्पीस. नागिणीचा भाऊबंद आहे, दिसतो तिच्यासारखा, पण नागीण न्हाई. नागीण लहानपणीच्या कांजिण्यांतून उठती. हा नवरा-बायकोच्या संबंधातून, कातडीला कातडी लागून येतो. ताटातून, पंच्यातून, संडासातून येत न्हाई. एकदा अंगात शिरला की मज्जेच्या मुळाशी दडून बसतो. कोणाला वरचेवर उठतो, कोणाला जन्मात एकदा, कोणाला कधीच न्हाई. आन् ज्याला फोड न्हाईत त्याच्याकडून सुद्धा दुसऱ्याला लागतो, त्याच्या नकळत. "काडीवरच्या तपासणीत आकांक्षाला हा आजार निघाला," त्या म्हणल्या, "पण तिच्या रक्तात अजून त्याच्याविरुद्धची ताकद तयार झालेली न्हाई. म्हणजे तिला हा नवा आहे, शेवटच्या महिन्या-दीड महिन्यातला. भागवत, तुमच्या रक्तात ती ताकद आहे, पक्की. म्हणजे तुमचा जुना आहे."

भागवत खाली बघून म्हणला, "पुण्यात असताना एकदा आल्ते फोड. लग्नाच्या लई आधी. मेडिकलवाल्यानं मलम दिलं, बरे झाले. मी समजलो, उष्णता. मंग एखादवेळेस खाजायचं, दोन दिवसांत जायचं. मला काय ठाऊक, बाई? मला जर ठाऊक असतं..." आन् तो गडी रडायला लागला, असा रडला की मला त्याचा राग करता येईना.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणल्या. "बहुतेकांना नसतं. ह्यात बदफैलीपणा शोधू नका."

नंदाबाईंनी तोंडावर पदर घेतला. सुनेला "चुकलं" म्हणल्या न्हाईत, तेवढं मोठं मन लगेच कोणाचं होत न्हाई. पण बाहेर आल्यावर तिला धरून बाकड्यावर बसवलं आन् घरून आणलेला शिरा तिच्यापुढं ठेवला.

बाईनं तव्हा एकच विचारलं. "मी पहिल्या दिवशी आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मंग म्हणल्या, "आईला दिवस भरताना पहिल्यांदाच झाला की लेकराला धोका सगळ्यात जास्त. तिच्या अंगात ताकद तयार व्हायला वेळ मिळत न्हाई, म्हणून लेकराला ती मिळत न्हाई. ठाऊक असतं तर गोळ्या दिल्या असत्या, पोट उघडून बाळंतपण केलं असतं. बऱ्याच वेळा लेकरू वाचतं. प्रत्येक वेळा न्हाई. पण मावशी, त्या दिवशी तुम्ही सांगितलं म्हणून आम्हाला औषध वेळेत सुरू करता आलं."

शेवटचं वाक्य त्यांनी दया म्हणून टाकलं होतं. बाईला ते ऐकू गेलंच न्हाई.

चिमी काही दिवस झुंजली. मधी एकदा डोळे उघडले, आकांक्षाचं बोट धरलं. आम्हाला वाटलं, वाचली. मंग औषध चालू असतानाच तिचा श्वास थांबत थांबत गेला. भर दुपारी. बाहेर रिक्षावाले भांडून राह्यले होते. आकांक्षाच्या छातीतून दूध गळत होतं, झंपर ओला झाल्ता, आन् ती पेटीच्या काचेवर कपाळ टेकून उभी. देवा, असं कोणाला दाखवू नको.

तिला मातीत ठेवून आल्यावर बाई माझ्या गिरणीत येऊन बसली. पट्टा बंद होता. मला म्हणली, "दुर्गा, मला दिसलं होतं."

"काय?"

"नागीण एका अंगाला येती. कधी मधली रेघ ओलांडत न्हाई. मीच लोकांना सांगते, उजवी का डावी म्हणून. अक्कूच्या दोन्ही अंगाला होतं. मी पाहिलं आन् मला कळलं, ही नागीण न्हाई. मंग दुसरं काय असल ते मनात आलं, आन् मला ते नको होतं. माझ्या लेकीला तसलं काही असूच शकत न्हाई. म्हणून मी तिला नागीण म्हणलं, आन् गेरू उगाळला." ती माझ्याकडं बघत होती. पदर तोंडाला नव्हता. "नागीण न्हाई म्हणले असते, तर नेमाचं पण कारण नव्हतं गं. सुई चालली असती."

मी नुसती तिच्याजवळ बसले आन् दोघी रडलो.

त्यानंतर बाईनं गेरू सोडला. आजही लोक येतेत, फोडांवर कपडा धरून, कण्हत. बाई आतूनच म्हणती, "दवाखान्यात जा. जल्दी जा." काही जातेत. काही तिला शिव्या घालून दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्याकडं जातेत. लग्नात आता कोणी तिला पुढं बसवत न्हाई, आन् ती जात पण न्हाई.

आकांक्षा आन् भागवतचं मोडलं न्हाई. दोघं मिळून डॉक्टरकडं जातेत. तिला वर्षातून एक-दोनदा उठतं, आधी मुंग्या आल्यासारखं होतं. ते जाणवलं की लगेच गोळ्या सुरू करती, आन् पुरतं बरं होईस्तोवर दोघं वेगळं निजतेत. मला हे ती मोकळेपणानं सांगती, आता तिला त्याची लाज न्हाई. आजार मुळातून जात न्हाई, पण माणूस त्याच्यासंगं नीट जगतं, हे मी तिच्याकडं पाहून शिकले.

मंग तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. मी म्हणलं, ही आता माहेरचं नाव काढणार न्हाई. उलटच झालं. एक दिवस बाईच्या फोनवर तिचा फोन आला. बाईला फोनवर नीट बोलता येत न्हाई, म्हणून मी मोठ्या आवाजावर लावून दिला.

"आई, सातवा लागतोय. मला न्यायला ये ना गं."

बाईनं पदर तोंडाला लावला.

"आई? डॉक्टरला विचारलंय मी. शेवटच्या महिन्यात रोज गोळ्या घ्यायच्या, कळा आल्या की आधी तपासायचं, फोड नसले तर नीट बाळंतपण होतं. आता माझ्या अंगात ताकद आहे, ती लेकराला जाती. दैवशालाताईंना सगळं ठाऊक आहे. मला तुझ्याकडंच यायचंय."

"इकडं येऊ नको," बाई म्हणली. "तिथंच राह्य. सासूपाशी राह्य."

"आई, मी तुला कधी काही म्हणले का? मी विसरले ते."

"येऊ नको म्हणते ना!" बाई वरडली, आन् फोन माझ्या अंगावर टाकून आत गेली. तिकडं पोरगी रडून राह्यली होती. मी काहीबाही समजूत काढली.

मंग मी आत जाऊन बाईला अशी झाडली! "आगं, पोटची लेक पाया पडून माहेर मागती, आन् तू दार लावतीस? दगड आहेस का तू?" ती चुलीपुढं बसून म्हणली, "तिनं मला शिव्या दिल्या असत्या ना दुर्गा, तर मी आणली असती तिला."

जालन्यात मुलगा झाला. नीट झाला, धडधाकट. नंदाबाईंनी बाळंतिणीचं सगळं केलं, डोक्याला तेल लावण्यापासून. मी जाऊन आले, लेकराला मांडीवर घेऊन आले. भागवत रोज फोनवर फोटो पाठवतो. मी बाईला दाखवते. ती बघती, निरखून बघती, टाळूकडं जास्त बघती, आन् फोन माझ्याकडं सरकवती. बारशाला आली न्हाई, जावळाला आली न्हाई. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, आकांक्षानं शपथ घालून सांगितलंय, तुझ्या हातानं काही होत न्हाई म्हणून. ती मान हलवती.

परवा मी पुन्हा म्हणलं, "बाई, चल की उद्या जालन्याला. एसटीनं जाऊ, संध्याकाळी माघारी येऊ."

"जाऊ," म्हणली. "लेकराला दात आल्यावर जाऊ."

दात तर मागल्याच महिन्यात आलेत. तिला ठाऊक आहे. मीच दाखवला होता फोटो.